कात्री नेमकी कुठे लागते? ‘गोजिरा’ ते ‘फुले’



राक्षसाच्या जपानी सिनेमाचा आणि सातारा-सांगलीच्या चळवळीचा काय संबंध, असा प्रश्न तुम्हाला पडेल. संबंध कात्रीचा आहे. सिनेमा कोण कापतो, यापेक्षा तो नेमका कुठे कापला जातो हे पाहिलं की सत्तेचा स्वभाव कळतो.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. किरणोत्सारी राख ‘लकी ड्रॅगन’ या जपानी मच्छीमार बोटीवर पडली. बोटीवर २३ जण होते. त्यातला रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरमध्ये वारला. जपानच्या बाजारात माशांची भीती पसरली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला. बॉम्बच्या चाचण्यांनी जागा झालेला एक अजस्र प्राणी टोकियो जाळतो, अशी त्याची कथा. सिनेमाची सुरुवातच समुद्रातल्या लख्ख उजेडाने आणि पेटलेल्या जहाजाने होते. लोकलमधली एक बाई बोलता बोलता नागासाकीचा विषय काढते. संसदेत सत्य लपवायचं की जाहीर करायचं यावर भांडण होतं. शेवटी म्हातारा शास्त्रज्ञ बजावतो की चाचण्या चालू राहिल्या तर दुसरा गोजिरा येईल.

१९५६ साली हाच सिनेमा अमेरिकेत आला तो वेगळाच होऊन. रेमंड बर या नटाला घेऊन नवी दृश्यं चित्रित केली आणि मूळ सिनेमात घुसवली. आता गोष्ट सांगणारा जपानी माणूस उरला नाही, अमेरिकन पत्रकार आला. नागासाकीचा उल्लेख गेला, संसदेतलं भांडण गेलं, शेवटचा इशारा गेला. हायड्रोजन बॉम्बचं नाव पूर्ण पुसलं नव्हतं, ओझरतं राहिलं होतं. पण शेवट असा केला की संकट टळलं, जगाने सुटकेचा श्वास घ्यावा. राक्षस ठेवला, राक्षस घडवणारा झाकला.

१९८४ च्या नव्या ‘गोजिरा’त तर कहरच झाला. मूळ सिनेमात मरणाच्या दारातला सोव्हिएत अधिकारी अण्वस्त्र सुटू नये म्हणून धडपडतो. अमेरिकन आवृत्तीत तोच अधिकारी मुद्दाम बटण दाबतो! तोच नट, तीच खोली. थोडी जुळवाजुळव केली आणि वाचवू पाहणारा गुन्हेगार ठरला.

आता आपल्याकडे या. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. सावित्रीमाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, याच जिल्ह्यातल्या नायगावचा. २०२५ साली अनंत महादेवन यांचा ‘फुले’ हा हिंदी सिनेमा आला. ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीदिवशी, तो येणार होता. काही संघटनांनी आक्षेप घेतले, तारीख पुढे ढकलली आणि सिनेमा २५ एप्रिलला लागला. त्याआधी सेन्सॉर मंडळाने सुचवलेल्या बदलांची यादी वृत्तपत्रांत आली होती. तीत ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द होते, मनूच्या जातिव्यवस्थेचा उल्लेख होता. तीन हजार वर्षांची गुलामी ‘कित्येक वर्षांची’ करायला सांगितलं होतं.

नीट बघा. सावित्रीमाईंवर शेण फेकणारे चालतात. दुःख चालतं, अश्रू चालतात. चालत नाही ते कारण. कोणाची सत्ता होती, कोणता कायदा होता, कोणत्या जातीच्या माणसावर जुलूम झाला, एवढंच गाळायचं. मग उरतात काही वाईट माणसं आणि दोन थोर माणसं. व्यवस्था गायब!

फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने १८५५ साली निबंध लिहिला, त्याचा विषयच मांग-महारांचं दुःख हा होता. हे दोन शब्द गाळले तर त्या मुलीच्या निबंधाचं नावसुद्धा उरत नाही. जात लिहिणं हा गुन्हा नाही, जात पाळणं हा गुन्हा आहे. कात्री मात्र लिहिणाऱ्यावर चालते.

आणि कात्री फक्त सरकारच्याच हातात असते असं नाही. ‘गोजिरा’ अमेरिकेत वितरकांनी कापला, धंद्यासाठी. नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ २०१६ चा. त्यावरून २०१८ साली हिंदीत ‘धडक’ झाला, तेव्हा जातीची धार बोथट झाली आणि श्रीमंत-गरीब, राजकारण असला मसाला वर आला. इथे तर कोणी कापायला सांगितलंही नव्हतं. हात वेगवेगळे, पण घाव एकाच जागी.

काही मित्र म्हणतात, “अहो, कापून का होईना, लोकांपर्यंत पोचलं ना?” हा मुद्दा खोटा नाही. अमेरिकन आवृत्तीमुळेच त्या प्राण्याचं नाव जगभर झालं. पण अमेरिकेतल्या थिएटरांत मूळ ‘गोजिरा’ रीतसर लागायला २००४ साल उजाडलं. पन्नास वर्षं लोकांना राक्षस माहीत होता, बॉम्बचं दुःख माहीत नव्हतं. नाव पोचणं वेगळं, विचार पोचणं वेगळं.

आपल्या जयंत्यांचंही तेच होत नाही का? वाटेगावच्या अण्णाभाऊंचा फोटो सगळे लावतात. पण १६ ऑगस्ट १९४७ रोजी हे स्वातंत्र्य खोटं आहे म्हणून मोर्चा काढणारे अण्णाभाऊ, ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण करणारे अण्णाभाऊ किती भाषणांत येतात? ही कात्री आपल्याच हातात आहे, हे कबूल करू या.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना भाषणातला काही भाग गाळायला सुचवलं. बाबासाहेबांनी स्वल्पविरामालाही हात लावू दिला नाही. अध्यक्षपद गेलं, परिषद झाली नाही. भाषण त्यांनी स्वतः छापलं, आणि आज जग तेच वाचतं.

म्हणून सातारा-सांगलीतल्या तरुणांना एक काम सुचवतो. ७ नोव्हेंबरला, बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं त्या दिवशी, हारतुऱ्यांसोबत एक वर्ग घ्या. ‘गोजिरा’च्या दोन्ही आवृत्त्या पाहा. मग ‘फुले’ पाहा आणि शेजारी ‘गुलामगिरी’ उघडी ठेवा. वहीत दोन रकाने करा: मुळात काय आहे, आणि काय गाळलं. दुसरा रकाना भरला की आपली लढाई कशाशी आहे ते वेगळं सांगावं लागणार नाही.