एक्सोस्केलेटन म्हणजे काय? अंगावर बांधायचा रोबो बनवणं इतकं अवघड का?

'आयर्न मॅन' सूट चढवतो आणि उडतो. खऱ्या आयुष्यात असा सूट घालून नुसतं चालणंही किती कठीण आहे, हे एक्सोस्केलेटनच्या गोष्टीतून कळतं.

खेकड्याला जसा बाहेरच्या कवचाचा आधार, तसाच हा माणसाच्या पायांना बाहेरून बांधायचा सांगाडा. मांडी आणि पोटरीला पट्टे, कंबर आणि गुडघ्यापाशी मोटरी. पाठीच्या कण्याला इजा होऊन पाय लुळे पडलेल्या माणसाला तो उभं करतो, चालवतो.

ताकद ही यातली खरी अडचण कधीच नव्हती. १९६० च्या दशकात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने 'हार्डिमन' नावाचं यंत्र बनवायला घेतलं. त्याचं वजन सुमारे ६८० किलो, आणि तेवढंच ओझं माणसाला लीलया उचलता यावं हा हेतू. पण सगळं यंत्र एकदम सुरू केलं की ते बेभान हालचाली करायचं. शेवटी त्याचा एक हात तेवढा कामाचा ठरला. आतल्या माणसाला नेमकं काय करायचंय, हेच यंत्राला नीट कळत नव्हतं.

आजची यंत्रं हे थोडंफार ओळखतात. 'रीवॉक' हे त्यातलं नावाजलेलं. २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याला घरी वापरायला परवानगी दिली. धड पुढे झुकलं की सेन्सर ते टिपतो आणि पाऊल टाकलं जातं. मात्र तोल सांभाळायला दोन्ही हातांत कुबड्या लागतात, म्हणजे हात धड हवेत. ते बनवणारे इस्रायली अभियंता अमित गॉफर यांना १९९७ च्या अपघातानंतर हातांचा पुरेसा वापर करता येत नाही. त्यामुळे स्वतःचंच यंत्र त्यांना वापरता आलं नाही.

खरी मेख आहे ती शरीराशी जुळवून घेण्यात. दाराची बिजागरी एकाच जागी फिरते, गुडघा तसा फिरत नाही. तो वाकताना मांडीचं हाड नडगीच्या हाडावर थोडं गडगडतं, थोडं घसरतं. यंत्राचा सांधा मात्र बिजागरीसारखाच. दोघांत काही मिलिमीटरचा फरक पडला तरी पट्टा घासतो. धडधाकट माणूस लगेच 'लागतंय' म्हणेल. पण ज्याच्या पायांना संवेदनाच नाही, त्याला जखम झालेली कळतही नाही. त्यातच अनेक वर्षं भार न पडल्याने पायांची हाडंही ठिसूळ झालेली असतात.

शिवाय मापाचा प्रश्न. त्या परवानगीत उंची १६० ते १९० सेंटिमीटर आणि वजन १०० किलोपर्यंत अशी अट होती. आपल्याकडच्या बहुतेक बायका १६० पेक्षा बुटक्या. म्हणजे त्या आधीच बाद!

वजनाचंही तसंच. पावसाळ्यात चिखलाने जड झालेले बूट घालून चाललेल्यांना हे वेगळं सांगायला नको: कमरेवरचा एक किलो फारसा जाणवत नाही, पायावरचा पार दमवतो. बॅटरी वाढवली की वजन वाढतं, आणि ते वाहायला आणखी वीज लागते. म्हणूनच २०१५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी केलेला प्रयोग गाजला. घोट्याला लावायच्या त्यांच्या साधनात मोटर नव्हती, बॅटरीही नव्हती. नुसती स्प्रिंग आणि क्लच. तरीही धडधाकट माणसांची चालण्यातली ऊर्जा सुमारे ७ टक्के वाचली. पण अशी स्प्रिंग मुळात चालू शकणाऱ्याचे श्रम कमी करते. लुळ्या पायांना मोटर लागतेच.

एवढं सगळं जमलं तरी यंत्र बिघडणारच. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका माजी जॉकीचं सुमारे १ लाख डॉलरचं एक्सोस्केलेटन बंद पडलं. बिघाड मोटरमध्ये नव्हता. यंत्र चालवायच्या मनगटी घड्याळातल्या बॅटरीची एक तार निसटली होती. पाच वर्षांहून जुनं यंत्र दुरुस्त करत नाही, असं कंपनीने सांगितलं. ही बातमी सगळीकडे पसरली, मग कुठे ती तार जोडून मिळाली. तोवर जवळपास दोन महिने ते यंत्र पडून होतं.