शनवार तेली

माजलगावकडं करडईचा घाणा पाहिलेल्या माणसाला 'तेली' समजावून सांगायला नको. पण 'शनवार तेली'? हा शब्द अलिबाग-पेण पट्ट्यातला. शंकराचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवत ते सोमवार तेली. शनिवारी बैल सोडून देत ते शनवार तेली. हे दुसरे म्हणजे बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण वाढलो, असं ते परंपरेनं सांगतात. हिब्रू विसरली, बोली मराठी झाली, आडनावंही किहीमकर, पेणकर, रोहेकर! नवस फेडायचा तर एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वर फळं. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, मात्र सुटला नाही. शेजाऱ्यांना त्यांचा धर्म नेमका कोणता ते ठाऊक नव्हतं, सुटीचा वार तेवढा पाठ होता. नाव पडलं ते त्यावरूनच. जातीच्या उतरंडीत बसवण्याची ही आपली खास रीत, दुसरं काय! पुढं बरेच जण मुंबईत पलटणीत आणि नोकरीत शिरले. तिथलं पहिलं सिनेगॉग 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी उभारलं. दिवेकर म्हणजे दिवेआगरचे.