शुक्रवारची मॅच आणि वाट चुकलेली पाखरं

हवाईतल्या कवाई बेटावर दर शरद ऋतूत एक गंमत दिसते. लोक रस्त्यात सापडलेली पाखरं खोक्यात घालून अग्निशामक केंद्रावर आणून ठेवतात! आता ही काय भानगड?

या पक्ष्याचं स्थानिक नाव 'आओ', इंग्रजीत न्यूवेल्स शीअरवॉटर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो नामशेष झाला असंच सगळे धरून चालले होते. १९४७ साली तो पुन्हा सापडला आणि १९६७ साली कवाईच्या डोंगरांत त्याची वीण असल्याचं कळलं. बिळातलं घरटं, वर्षाला एकच अंडं. पिल्लू पहिल्यांदा उडतं ते रात्री, एकटं, थेट समुद्राकडे. वाटेत गावातले दिवे लागले की ते गोंधळतं, घिरट्या घालून दमतं आणि खाली पडतं. सपाट जमिनीवरून त्याला उडता येत नाही. मग गाडी, कुत्रा नाहीतर मांजर.

१९७९ साली सरकारने 'सेव्ह अवर शीअरवॉटर्स' ही मोहीम सुरू केली. लोकांना शिकवलं ते अगदी सोपं होतं. टॉवेल टाकून मागून अलगद उचला, भोकांच्या खोक्यात ठेवा, खायला-प्यायला देऊ नका, स्वतः हवेत उडवू नका, केंद्रावर आणा. आजवर तीस हजारांवर पक्षी असे वाचले.

पण मूळ दुखणं दिव्यांचं. मी इंजिनिअर, म्हणून मला १९८५ सालचा एक अभ्यास फार आवडतो. तिथल्या एका मोठ्या हॉटेलच्या दिव्यांचा वर जाणारा उजेड झाकला, तर पडणारी पाखरं जवळजवळ ४० टक्क्यांनी घटली!

खरी परीक्षा २०१० साली झाली. स्टेडियमच्या दिव्यांमुळे केंद्रीय कायद्याचा बडगा आला आणि शाळांच्या शुक्रवार रात्रीच्या फुटबॉल मॅचेस शनिवारी दुपारी गेल्या. अमेरिकेतल्या लहान गावात ही मॅच म्हणजे आपली गावची जत्राच हो! लोक भयंकर चिडले. खोकं घेऊन धावणाऱ्या बेटावर पाखरं एकदम नकोशी झाली.

रडारच्या नोंदींनुसार १९९३ ते २०१३ या वीस वर्षांत आओंची संख्या ९४ टक्क्यांनी घटली. त्यात विजेच्या तारा, मांजरं, उंदीर, डुकरं यांचाही हात आहे. पडलेलं पाखरू उचलायला तिथली शाळकरी पोरंही शिकली. ते पडूच नये म्हणून आपली हौस थोडी आवरायची, हा धडा मात्र मोठ्यांनाच जड गेला.