ऊन, वारा, पाऊस आणि जाहिरातीतला पेहराव

दापोली तालुक्यातील बुरोंडीसारख्या कोकणच्या किनाऱ्यावरील गावांत पावसाळी पेहराव म्हणजे इरले आणि घोंगडी. बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यात पाने बसवून केलेले इरले पाठीवर घेतले की लावणीच्या वेळी वाकून काम करता येई आणि दोन्ही हात मोकळे राहत. जाड लोकरीच्या घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतली की सरीवर सर आली तरी अंगात ऊब टिके. या वस्तू घरी किंवा आसपासच्या कारागिरांकडे तयार होत आणि त्यांचा गुण गावाला ठाऊक असे, त्यामुळे त्यांना जाहिरात लागली नाही. कापड दूरच्या कारखान्यात बनू लागले आणि घेणाऱ्याची करणाऱ्याशी ओळख उरली नाही, तेव्हा चित्राची गरज निर्माण झाली.

मुंबईत कॅमेरा लवकर आला. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे 1854 मध्ये स्थापन झाली. विल्यम जॉन्सन यांनी 1863 आणि 1866 मध्ये मुंबईतील निरनिराळ्या समाजांच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांत पेहराव बारकाईने दिसतो, पण अनेक चित्रांतील माणसे आणि त्यांच्यामागचे दृश्य वेगवेगळ्या वेळी टिपून नंतर एकत्र जोडलेले आहे. ही चित्रे जाहिरातीसाठी नव्हती. मात्र पेहराव एका ठिकाणी टिपायचा आणि निसर्ग दुसरीकडून आणायचा, ही युक्ती पुढे जाहिरातीतही आली.

कापडाचे जाहिरातचित्र आधी आले ते छपाईतून. राजा रविवर्मा यांचा मुद्रणालय-व्यवसाय 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला, आणि अशा रंगीत शिळाछापातील देवदेवता कापडाच्या ताग्यांवरील लेबलांवर झळकू लागल्या. पाणी न झिरपणारे कापड तोवर परदेशात रुळले होते. चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी रबर लावलेल्या कापडाचे पेटंट 1823 मध्ये घेतले, आणि बर्बेरीचे घट्ट विणीचे गॅबर्डीन 1879 मध्ये आले. भारतात सुरेंद्रमोहन बोस यांनी 1920 मध्ये सुरू केलेल्या बंगाल वॉटरप्रूफच्या डकबॅक रेनकोटांनी पुढे घराघरांत नाव मिळवले.

तरीही वृत्तपत्रांतील रेनकोट बराच काळ रेखाचित्रातच राहिला. वृत्तपत्राच्या खरबरीत कागदावर हाफटोन ब्लॉकमधून छायाचित्राचे ठिपके फुटत, कापडाचा पोत हरवे आणि करडे आकाश काळपट उमटे. चित्रकार मात्र चार रेषांत पाऊस आणि दोन ठिपक्यांत ओघळणारा थेंब दाखवू शके. सर जे. जे. कलाशाळेत 1935 मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला, आणि 1961 मध्ये त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. जाहिरातीचे काम हे शिकण्याचे शास्त्र आहे, ही जाणीव त्यातून मुंबईत रुजली.

प्रत्यक्ष जागी जाऊन माल टिपण्याची प्रथा मोहिमांनी घालून दिली. हर्बर्ट पाँटिंग यांनी 1910 च्या दक्षिण ध्रुव मोहिमेत, मोहिमेला साहाय्य करणाऱ्या कंपन्यांचा माल बर्फात मांडून छायाचित्रे काढली. 1935 मध्ये कोडाक्रोम ही रंगीत फिल्म आली आणि रंग हाती लागले, पण सुरुवातीची ही फिल्म इतकी मंद होती की ढगाळ हवेत हलता माणूस टिपणे कठीण जाई. म्हणून रंगीत चित्रांसाठी लख्ख ऊन आणि भडक, बहुधा लाल, शर्ट पसंत केले जात. पावसाळी कपड्यांचे छायाचित्र पावसात न काढण्यामागे हेही एक कारण होते.

भारतीय जाहिरात संस्थांत छायाचित्राचा स्वतंत्र विभाग असणे हळूहळू नेहमीचे झाले. पुढे व्यक्तिचित्रांसाठी नावाजलेले गौतम राजाध्यक्ष 1974 मध्ये लिंटासच्या अशाच विभागात दाखल झाले. अमेरिकेत गिर्यारोहणाचे कपडे करणाऱ्या पॅटागोनिया कंपनीने 1980 च्या दशकात वेगळी वाट धरली. तिच्या कॅटलॉगमध्ये पगारी मॉडेलऐवजी खरोखर डोंगर चढणाऱ्या माणसांची छायाचित्रे येऊ लागली. मळलेले, चुरगळलेले कापड हा दोष न राहता पुरावा ठरला.

अशा चित्रणात जागेचा प्रकाश निर्णायक ठरतो, आणि बुरोंडीचा किनारा त्याचे चांगले उदाहरण आहे. समुद्र पश्चिमेला असल्याने सकाळी सूर्य डोंगराआडून येतो आणि किनारा बराच वेळ सावलीत राहतो. तिसऱ्या प्रहरानंतर सूर्य समुद्रावर उतरतो, तेव्हा समुद्राकडे पाठ केलेल्या माणसाचा चेहरा आणि कपड्याचा दर्शनी भाग काळवंडतो. तिथे थर्माकोलचा पांढरा पत्रा धरून प्रकाश परतवावा लागतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या आरंभी भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, त्यामुळे टोपीच्या कडेची सावली डोळ्यांवर पडते. जांभ्या दगडावरून परतणारा प्रकाश पांढऱ्या कापडाला तांबूस झाक देतो. पावसाळ्यात ढगांनी गाळलेला प्रकाश मात्र सगळीकडून सारखा येतो, आणि शिवण, वीण, झिप नीट दिसतात.

वारा आणि पाणी बहुधा सजवून आणावे लागतात. सैल शर्ट पाठीमागे चिमट्यांनी आवळून अंगाबरोबर बसवतात, आणि वाऱ्याचा फुगवटा पंख्याने देतात. पाण्यात ग्लिसरीन मिसळून फवारले की थेंब लवकर सुकत किंवा ओघळत नाहीत. समुद्राच्या तुषारांतील मीठ भिंगावर बसून चित्र धूसर करते, म्हणून भिंग वारंवार पुसावे लागते.

डिजिटल कॅमेऱ्याने मंद फिल्मची अडचण संपवली आणि सरीतही चित्र घेणे शक्य झाले. त्याच वेळी संगणकावर पार्श्वभूमी जोडण्याची सोय आल्याने जॉन्सन यांची जुनी युक्ती सोपी झाली. कपड्यावरच्या आणि देखाव्यातल्या सावल्यांची दिशा जुळते का, यावरून असा जोड अजूनही ओळखता येतो. भारतात 1985 मध्ये स्थापन झालेल्या जाहिरात मानक परिषदेच्या संहितेनुसार जाहिरातीतील दाव्याला आधार असावा लागतो. कापड जलरोधक असल्याचा आधार छायाचित्र देत नाही, तो प्रयोगशाळेत मिळतो. कापडावर पाण्याचा दाब वाढवत नेऊन, पाणी झिरपू लागेपर्यंत ते किती मिलिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलते, हे तिथे मोजले जाते.