औषध लावूनही मुलांच्या डोक्यातल्या उवा परत का येतात? बाटलीपेक्षा तारीख महत्त्वाची

जूनच्या मध्याला शाळा सुरू होतात आणि नागपंचमीच्या आसपास घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, पोरगी सारखं डोकं खाजवतेय. मग रविवारी तिला अंगणात उन्हाला बसवून फणी फिरवली जाते, मेडिकलमधून बाटली आणली जाते, डोकं धुतलं जातं. आठ-दहा दिवस बरे जातात. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. आई म्हणते औषध नकली निघालं, शेजारीण म्हणते शाळेतूनच लागतात, आणि शाळेतल्या बाई म्हणतात घरचे लक्ष देत नाहीत. या भांडणात सगळ्यांत जास्त सोसते ती पोरगी. बाकावर तिच्या शेजारी कुणी बसत नाही, आणि शेवटी एक दिवस तिचे कमरेपर्यंतचे केस कानाच्या वर कापले जातात.

खरं तर औषध बहुतेक वेळा नकली नसतं. ते एकदाच लावलेलं असतं, आणि एकाच डोक्याला लावलेलं असतं. उवा परत येण्याची ही दोन मुख्य कारणं.

उवेचं गणित

मोठी झालेली ऊ तिळाएवढी असते आणि डोक्यावर साधारण महिनाभर जगते. मादी दिवसाला आठ-दहापर्यंत अंडी घालते. हीच लीख. टाळूच्या अगदी जवळ, केसाला ती डिंकासारख्या पदार्थाने घट्ट चिकटवलेली असते. लीख साधारण ७ ते १० दिवसांत फुटते, त्यातून निघालेलं पिल्लू आणखी ९ ते १२ दिवसांत मोठं होतं आणि पुन्हा अंडी घालायला लागतं.

मेडिकलमध्ये मिळणारी बरीचशी औषधं चालती-फिरती ऊ मारतात, लिखा सगळ्या मारत नाहीत. म्हणजे रविवारी औषध लावल्यावर डोक्यातल्या उवा मेल्या तरी काल-परवा घातलेली अंडी तशीच राहतात. पुढच्या आठवड्यात ती फुटतात, आणि तिसऱ्या आठवड्यात घरचे म्हणतात, ‘पुन्हा लागल्या!’ अनेकदा नव्याने लागलेल्या नसतातच, जुन्याच अंड्यांतून आलेल्या असतात.

दुसरी गोष्ट खाजेची. खाज उवेच्या लाळेची ॲलर्जी म्हणून येते, आणि पहिल्यांदाच उवा झालेल्या मुलाला ती सुरू व्हायला चार ते सहा आठवडेही लागू शकतात. म्हणजे पोरगी खाजवायला लागते तेव्हा उवा तिच्या डोक्यात महिनाभर नांदत असतात, आणि तोवर त्या धाकट्या भावाकडे, आईकडे, आजीकडे पोचलेल्याही असू शकतात. त्यांना अजून खाज नाही, म्हणून त्यांचं डोकं कुणी बघत नाही. आईचं डोकं बघायला तर घरात कुणाला सवडच नसते. मग स्वच्छ झालेली मुलगी रात्री आईच्या कुशीत झोपते आणि चक्र पुन्हा सुरू होतं.

ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. ती फक्त रांगते. म्हणून ती मुख्यतः डोक्याला डोकं लागूनच पसरते. एका मोबाईलवर तिघांनी डोकी जोडून व्हिडिओ बघणं, एकाच गोधडीत झोपणं, मामाच्या गावी आठ पोरांनी ओळीने अंथरुणं टाकणं, हे खरे मार्ग. फणी, रिबीन, स्कार्फ यांतून लागू शकतात, पण तितक्या सहज नाही. कोंबड्यांच्या पिसवा किंवा जनावरांच्या गोचिडांचा डोक्यातल्या उवांशी संबंध नाही. आणि अस्वच्छतेशीही फारसा नाही. रोज न्हाणाऱ्या मुलीच्या डोक्यातही ऊ तितक्याच आनंदाने राहते.

आधी बघा, मग औषध

पांढरं दिसलं की औषध चोपडायचं, असं करू नये. कोंडा बोटाने झटकला की पडतो, लीख पडत नाही, नखाने ओढून काढावी लागते. कानामागे आणि मानेवर, जिथून वेणी सुरू होते तिथे, उजेडात बघावं. टाळूपासून साधारण एक सेंटिमीटरच्या आत असलेल्या, पिवळट-तपकिरी लिखा जिवंत असू शकतात. केस महिन्याला अंदाजे एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे बोटभर खाली आलेल्या पांढऱ्या लिखा म्हणजे रिकामी टरफलं. ती दिसायला वाईट दिसतात, पण त्यांच्यासाठी पुन्हा औषध लावायची गरज नाही. चालती ऊ सापडली, तरच उपचार सुरू करायचा.

बघायची सगळ्यांत भरवशाची पद्धत म्हणजे ओल्या केसांतून फणी फिरवणं. कोरड्या केसांत ऊ पळते, तेल किंवा कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांत ती सुस्तावते. फणी ही माणसाची फार जुनी सोबतीण आहे. इस्राएलमधल्या लाखीश इथे सापडलेल्या, सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीच्या हस्तिदंती फणीवर कोरलेला मजकूरही केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघाव्यात अशा इच्छेचाच आहे.

रविवारपासून मंगळवारपर्यंत

मेडिकलमध्ये उवांसाठी परमेथ्रिन हे औषध मिळतं. यात एक टक्का लिहिलेलं घ्यायचं. पाच टक्क्यांचं क्रीम खरजेसाठी असतं, दुकानात गडबडीत अदलाबदल होते, म्हणून बाटलीवरचा आकडा बघून घ्यावा. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला ते लावू नये. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने डॉक्टरांना विचारूनच लावावं.

आपल्याकडे नेमकी चूक होते ती तेलाची. रोज तेल चोपडून दोन वेण्या घालायची सवय असते आणि त्याच तेलकट डोक्यावर औषध ओतलं जातं. तेलाच्या थरामुळे औषध केसांना नीट लागत नाही. आधी साध्या शाम्पूने केस धुवायचे, कंडिशनर लावायचं नाही, टॉवेलने टिपून घ्यायचे. मग औषध टाळूपासून टोकापर्यंत, कानामागे आणि मानेवर भरपूर लावायचं, दहा मिनिटं ठेवायचं आणि धुऊन टाकायचं. जास्त वेळ ठेवलं म्हणून जास्त मरत नाहीत. त्यानंतर एक-दोन दिवस शाम्पू लावू नये.

समजा हे रविवारी केलं. तो पहिला दिवस. त्याच रविवारी घरातल्या सगळ्यांची डोकी बघायची आणि ज्यांच्या डोक्यात चालती ऊ दिसली त्या सगळ्यांना त्याच दिवशी औषध लावायचं. आज थोरलीला आणि पुढच्या आठवड्यात धाकटीला, असं केलं तर काहीच केलं नाही असं समजावं. त्यानंतर गुरुवारी ओल्या केसांतून फणी. पुढचा रविवार जाऊन सोमवार येतो तो नववा दिवस, त्या दिवशी औषधाचा दुसरा हात. तोवर बहुतेक लिखा फुटलेल्या असतात, पण पिल्लं अंडी घालण्याइतकी मोठी झालेली नसतात. हा दुसरा हातच नेमका चुकतो, कारण तोवर खाज कमी झालेली असते आणि शेतातली कामं उभी असतात. सोमवार अगदीच जमत नसेल तर ७ ते १० दिवसांच्या आत कधीतरी, पण सोडायचा नाही. मग शुक्रवारी, म्हणजे तेराव्या दिवशी, पुन्हा फणी, आणि सतराव्या दिवशी मंगळवारी शेवटची तपासणी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर या पाच वारांना पेनने गोल करून ठेवले की विसरायला होत नाही.

औषधाला पैसे नसतील, किंवा ते लावायचं नसेल, तर नुसत्या फणीवरही काम होतं. वार हेच, पण एकही चुकवून चालत नाही. केस धुऊन भरपूर खोबरेल किंवा कंडिशनर लावायचं, मोठ्या कंगव्याने गुंता सोडवायचा, केसांचे चार-सहा भाग करायचे आणि दाट दातांची फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढायची. प्रत्येक ओढीनंतर फणी पांढऱ्या फडक्यावर पुसायची, म्हणजे काय निघालं ते दिसतं. लांब केसांना अर्धा तास सहज लागतो. वैतागवाणं काम आहे. तेराव्या दिवशीही ऊ निघाली तर आणखी दोन आठवडे हेच चालू ठेवायचं.

औषध लावल्यावर आठ-दहा तासांनी फणी फिरवून बघावी. उवा मेलेल्या किंवा मंद झालेल्या असतील तर औषध चाललंय. पहिल्यासारख्याच तुरुतुरु पळत असतील तर त्या औषधाला त्या दाद देत नाहीत. परमेथ्रिनला न जुमानणाऱ्या उवा अनेक देशांत आढळल्या आहेत. अशा वेळी तीच बाटली तिसऱ्यांदा आणू नये, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून औषध बदलून घ्यावं. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या डॉक्टर वजन बघून देतात, १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना सहसा देत नाहीत. गोठ्यात जनावरांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिन मुलांना देण्याचा विचारही करू नये.

घरगुती उपाय: काही निरुपद्रवी, काही जीवघेणे

उशीखाली तुळशीची पानं ठेवली तर नुकसान काही नाही, उवाही जात नाहीत. कडुलिंबाचं तेल लावून फणी फिरवली तर काम फणी करते. पण पुढचे उपाय हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत.

सीताफळाच्या बियांची पूड खेड्यापाड्यांत सर्रास लावतात. तिने उवा मरतात हे खरं. पण ती डोळ्यात गेली तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजल्यासारखा होतो, वेदना असह्य असतात. अशा रुग्णांच्या नोंदी भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी केलेल्या आहेत. पूड लावून डोकं धुताना पाणी कपाळावरून डोळ्यांत येतंच, धोका तिथेच असतो. डोळ्यात गेलीच तर चोळू न देता स्वच्छ वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवावा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं.

रॉकेलने टाळू भाजते, आणि चुलीजवळ गेलेली मुलगी पेट घेऊ शकते. फवारणीचं औषध, झुरळं-मुंग्यांचा खडू, डांबराच्या गोळ्यांची पूड, यातलं काहीही डोक्याला लावू नये. फवारणीची बरीच औषधं कातडीतून अंगात जातात, आणि खाजवून जखमा झालेल्या टाळूतून तर लवकर जातात. असं काही लावल्यावर मुलाला उलट्या, खूप घाम, तोंडातून लाळ किंवा गुंगी आली तर कपडे काढून डोकं-अंग धुवावं आणि औषधाची बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठावा.

घर फवारायचीही गरज नसते. डोक्यावरून पडलेली ऊ रक्ताविना एक-दोन दिवसांत मरते. मागच्या दोन दिवसांत वापरलेले उशीचे अभ्रे, स्कार्फ, रिबिनी कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत दोन आठवडे घट्ट बांधून ठेवावं. फण्या हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवाव्यात.

शाळेत आणि वसतिगृहात

डोक्यातल्या उवांमुळे मुलाला घरी पाठवायची गरज नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही हेच सांगते, कारण या उवा कुठला रोग पसरवत नाहीत, आणि दिसल्या तेव्हा त्या महिन्याभराच्या जुन्या असतात. त्रास होतो तो खाजवून. जखमा होतात, पू धरतो, मानेमागे गाठी येतात. खपल्या, पू, ताप किंवा दुखऱ्या गाठी असतील तर फणी बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावं.

बाईंनी वर्गासमोर एकीचं नाव घेण्याऐवजी सगळ्या पालकांना एकच निरोप द्यावा, येत्या रविवारी सगळ्यांनी आपापल्या मुलांची डोकी बघा. गावातल्या आशाताईंना सोबत घेतलं तर ज्या घरी वाचणारं कुणी नाही तिथेही निरोप पोचतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं, तेव्हा खरूज आणि जखमांसोबत उवांचंही आवर्जून दाखवावं. आश्रमशाळा आणि वसतिगृहांत एकेका मुलीवर उपचार करून उपयोग होत नाही. तिथे एका खोलीतल्या सगळ्यांची तपासणी आणि औषध एकाच दिवशी व्हावं लागतं, नवव्या दिवशीचा दुसरा हातही सगळ्यांचा एकत्रच. आणि दिवाळीच्या सुट्टीहून मुली परत आल्या की पहिल्या आठवड्यातच पुन्हा एकदा फणी.

केस कापायचे की नाही, हे त्या मुलीला विचारावं. लांब केसांना वेळ जास्त लागतो एवढंच, उवा लांब केसांतूनही जातात. शाळेत जाताना केस मोकळे न सोडता घट्ट वेण्या घातल्या तरी बराच फरक पडतो.