ठोकताळ्यांवर चालणारे मत

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी मतदारसंघातून राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे भास्कर भगरे लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून आले. पेशाने शिक्षक, म्हणून लोकांच्या तोंडी ‘भगरे सर’. चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. त्याच मतदानयंत्रावर आणखी एक भगरे होते. ते अपक्ष, त्यांच्याही नावाला ‘सर’ जोडलेले आणि चिन्ह तुतारी. गावाकडे जिला पिपाणी म्हणतात ती. या अपक्षाला १ लाख ३ हजारांहून अधिक मते पडली. साताऱ्यात तर पिपाणीची मते सुमारे ३७ हजार आणि शरद पवारांच्या पक्षाच्या पराभूत उमेदवाराची पिछाडी सुमारे ३२ हजार. ही सगळी मते चुकून पडली असे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण सगळी समजून-उमजून पडली असेही कुणी म्हणणार नाही.

राजकीय मानसशास्त्रावरच्या या पुस्तकाच्या दारातून आत येताना हे उदाहरण बरोबर असू द्यावे. त्यावर हसणे सोपे आहे. मात्र मतदाराच्या जागी उभे राहून पाहा: मागे रांग, समोर एकाखाली एक नावे, बारीक छायाचित्रे, चिन्हे आणि निळी बटणे. आडनाव ओळखीचे, ‘सर’ ओळखीचे, तुतारी ओळखीची. तीन खुणा जुळल्या, बोट दाबले गेले. खुणेवरून माणूस ओळखायची ही रीत मतदाराने मनाने काढलेली नाही, ती आपल्या व्यवस्थेनेच त्याला दिली आहे. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी होती आणि तिच्यावर त्याचे चिन्ह. देशातली साक्षरता तेव्हा जेमतेम १८ टक्के होती. चिन्हाचा आधार नसता, तर ती निवडणूक पार पडणेच अवघड होते.

शिकलेल्यांनी यातून स्वतःला वगळू नये. पक्षाचे नाव, उमेदवाराची जात, संपादकाचा कल, सोसायटीच्या ग्रुपवर कुणी काय पाठवले, अशा ठोकताळ्यांवरच तेही चालतात. अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००५मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना अमेरिकी सिनेटच्या दोन अनोळखी उमेदवारांचे चेहरे दाखवून कोण अधिक कर्तबगार वाटतो एवढेच विचारले. सुमारे ७० टक्के लढतींत ‘कर्तबगार’ ठरलेला चेहराच प्रत्यक्षात जिंकलेला निघाला. चेहऱ्यांवर पडलेली नजर होती एका सेकंदाची.

मग लोकशाही म्हणजे नुसता पोरखेळ? या विषयातले अभ्यासक इथेच एकमेकांपासून फुटतात, आणि वाचकाने रस घ्यावा तो या भांडणात. वॉल्टर लिपमन यांनी १९२२मध्येच बजावले होते की माणूस जगाला नव्हे, तर डोक्यातल्या जगाच्या चित्राला प्रतिसाद देतो. अँथनी डाउन्स यांनी १९५७मध्ये हिशेब मांडला: एका मताने निकाल सहसा फिरत नाही, तेव्हा माहिती गोळा करण्यात वेळ न घालवणे हेच शहाणपणाचे. पुढे आर्थर लुपिया यांनी कॅलिफोर्नियातल्या १९८८च्या मतदानाचा अभ्यास केला. वाहनविम्याविषयीचे पाच किचकट प्रस्ताव एकाच वेळी लोकांपुढे होते. ज्यांना तपशील ठाऊक नव्हता, पण विमा कंपन्या कोणत्या प्रस्तावाच्या बाजूने आहेत एवढे माहीत होते, त्यांची मते पूर्ण माहिती असलेल्यांच्या मतांशी बरीच मिळतीजुळती निघाली.

म्हणजे ठोकताळा हा अडाणीपणा नव्हे. तो वेशीवरच्या पाटीसारखा आहे. पाटी खरी असेल तर नकाशा लागत नाही. कॅलिफोर्नियात पाटी जागेवर होती. दिंडोरीत तिच्याशेजारी तशीच दुसरी उभी होती. त्यामुळे मतदार हुशार की मूर्ख, हा प्रश्न मला फारसा कामाचा वाटत नाही. पाट्या कोण लावतो आणि त्या तपासायची सोय आहे का, हे विचारायला हवे.

पाटी शब्दांचीही असते. ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९८१मध्ये मांडलेला प्रश्न असा: साथीत ६०० माणसे मरण्याची भीती आहे. एका उपायाने २०० नक्की वाचतील. दुसऱ्याने सगळे वाचण्याची शक्यता एक-तृतीयांश, कुणीच न वाचण्याची दोन-तृतीयांश. ७२ टक्क्यांनी पहिला उपाय निवडला. तोच उपाय ‘४०० मरतील’ अशा शब्दांत मांडला, तेव्हा तो घेणारे उरले २२ टक्के. अर्थसंकल्पावरचे कुठलेही भाषण यानंतर वेगळ्या कानांनी ऐकू येते.

भावनेविषयी मात्र आपल्याकडे उगाच नाक मुरडले जाते. ‘भावनेच्या भरात मतदान केले’ हा आरोप, ‘विचारपूर्वक केले’ ही शाबासकी. जॉर्ज मार्कस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी मांडणी केली. उत्साहात असलेला माणूस जुन्या सवयीने मत देतो; धास्तावलेला माणूस थबकतो, चौकशी करतो, कधी आपला नेहमीचा पक्षही सोडतो. पडलेल्या भावाची चिंता लागलेला कांदा-उत्पादक आपल्या नेहमीच्या पक्षाकडे नव्याने पाहू लागतो, तो असा. दुसरीकडे मिल्टन लॉज आणि चार्ल्स टेबर यांनी दाखवले की ज्यांना राजकारण अधिक कळते, ते नावडता पुरावा खोडून काढण्यातही अधिक तरबेज असतात. वर्तमानपत्र रोज वाचणाऱ्यांना हे झोंबेल. झोंबावेच.

या क्षेत्राची मोठी उणीव अशी की पुष्कळसे प्रयोग अमेरिकी विद्यार्थ्यांवर झालेले आहेत. भावकी, पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाना यांच्या जाळ्यात बसलेला मतदार त्यांच्या सूत्रात मावत नाही. ‘लोकनीती’ या संशोधन-उपक्रमाची सर्वेक्षणे आपल्याकडे मोठा आधार आहेत, पण मतदाराच्या मनाची उकल मराठीत बसून करणारे फार थोडे. तरुण संशोधकांना इथे मोकळे रान आहे.

आणि कारणे शोधताना जपून. १८ ऑक्टोबर २०१९ रोजी साताऱ्यात भर पावसात शरद पवारांनी सभा केली. तिथली लोकसभेची पोटनिवडणूक त्यांच्या पक्षाने जिंकली. ‘पावसाने निवडणूक फिरवली’ हे तेव्हापासून सगळ्यांनाच ठाऊक असल्यासारखे बोलले जाते. फिरवली असेलही. पण निकाल उलटा लागता, तर हेच लोक ‘पावसात भिजून मते मिळत नसतात’ असे तितक्याच खात्रीने म्हणाले असते. बारुख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी निक्सन यांच्या १९७२च्या चीन-रशिया दौऱ्यांआधी लोकांकडून अंदाज घेतले आणि नंतर तेच आठवायला सांगितले. जे घडले, ते आपण आधीच ताडले होते असे अनेकांना वाटू लागले होते.

म्हणून वाचकांना एक विनंती. पुढच्या निवडणुकीआधी, मग ती ग्रामपंचायतीची का असेना, कोण जिंकेल, तुम्ही कुणाला मत देणार आणि का, हे तारीख घालून कागदावर लिहून ठेवा. निकालानंतर तो कागद काढा आणि मगच या पुस्तकातल्या प्रकरणांशी वाद घालायला या.