कंबरलंडचा पराभव

अमेरिकन विद्यापीठांत जो फुटबॉल खेळला जातो, त्यात पायापेक्षा हाताचेच काम अधिक असते. चेंडू काखेत धरून प्रतिपक्षाची फळी भेदीत सीमारेषेपलीकडे जावयाचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले नाही, तर चेंडू गमवावयाचा. पुढील हकीकत समजण्यास श्रोत्यांना एवढे पुरेसे आहे.

टेनेसी राज्यातील लेबनन गावचे कंबरलंड विद्यापीठ लहानसे; त्याचा लौकिक कायद्याच्या शिक्षणाचा. पुढे परराष्ट्रमंत्री झालेले कॉर्डेल हल तेथलेच पदवीधर. फुटबॉलमध्येही त्याचे नाव होते. १९०३ साली त्याने व्हँडरबिल्ट व अलाबामा यांना हरविले आणि जॉन हाइझमन यांच्या क्लेमसन संघाला ११-११ असे बरोबरीत रोखले. हे हाइझमन म्हणजे सामान्य शिक्षक नव्हेत. उन्हाळ्यात ते रंगभूमीवर भूमिका करीत, आणि मैदानावरचे त्यांचे बोलणेही नटासारखेच अलंकारिक असे. १९०४ पासून ते अटलांटा येथील जॉर्जिया टेक या संस्थेचे फुटबॉल-मार्गदर्शक होते.

१९१६ च्या हंगामापूर्वी कंबरलंडने फुटबॉल संघच बंद केला. जॉर्जिया टेकशी ठरलेला सामना मात्र कागदावर उरला होता. सामना टाळल्यास ३००० डॉलर दंड, खेळल्यास ५०० डॉलर मानधन! ज्याने सरकारी दप्तरे चाळली आहेत, त्याला याचे नवल वाटणार नाही. संघ नाहीसा होतो, करार जिवंत राहतो. दंडाची रक्कम लहान विद्यापीठाला परवडण्यासारखी नव्हती. तेव्हा जॉर्ज अ‍ॅलन या विद्यार्थी-व्यवस्थापकाने सोबत्यांना जमवून मोजक्या गड्यांचा संघ उभा केला. त्यातील बहुतेक कायद्याचे विद्यार्थी.

हाइझमन यांच्या मनात एक सल होता. त्याच वर्षी बेसबॉलमध्ये कंबरलंडने जॉर्जिया टेकचा २२-० असा धुव्वा उडविला होता, आणि त्या संघात धंदेवाईक खेळाडू घुसविले होते असा बोलबाला होता. शिवाय केवळ गुणांच्या बेरजेवर संघांची प्रतवारी लावणाऱ्या वृत्तपत्रकारांना धडा द्यावा, असाही त्यांचा हेतू सांगतात. हा दुसरा हेतू मला कमी खरा वाटतो. धडा द्यावयास शंभर गुण पुरले असते.

७ ऑक्टोबर १९१६ रोजी ग्रँट फील्डवर पहिल्या डावात ६३, दुसऱ्यातही ६३, मध्यंतरास १२६-०. उत्तरार्धाची वेळ कमी करण्यात आली, तरी आणखी ९६ गुणांची भर पडली. सीमारेषा ३२ वेळा ओलांडली गेली, त्यांवर ३० जादा गुण. चेंडू पुढे फेकण्याची मुभा नियमांत यावी म्हणून हाइझमन स्वतः झगडले होते. त्या दिवशी त्यांच्या संघाने ती एकदाही वापरली नाही, गरजच पडली नाही. गुण झाल्यावर चेंडू आपण घ्यावा की प्रतिपक्षाला द्यावा, ही निवड तेव्हा गुण गमावणाऱ्याची असे. कंबरलंडने अनेकदा तो देऊन टाकला, कारण जवळ ठेवण्यात मार अधिक होता.

२२२-० हा विद्यापीठीय फुटबॉलमधील सर्वांत मोठा पराभव आजही मोडलेला नाही. हाइझमन १९३६ मध्ये वारले, आणि दरवर्षीच्या सर्वोत्कृष्ट विद्यार्थी-खेळाडूच्या पारितोषिकाला त्यांचे नाव मिळाले. अ‍ॅलन वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष ट्रुमन यांचे स्नेही व सल्लागार म्हणून वावरले आणि अध्यक्षांच्या सहवासावर एक पुस्तकही लिहून गेले. सामना शेवटपर्यंत खेळला गेला, म्हणून ३००० डॉलर दंड मात्र कंबरलंडला भरावा लागला नाही.